आठवणीतले कडाक्याचे हिवाळे : सातारा, सांगली आणि बर्फात राहून आलेली आपली माणसे

येरळाकाठ (विटा)

आपल्या दोन जिल्ह्यांत हिवाळ्याचा विषय निघाला की बोलणे बहुतेक वेळा 'पूर्वीसारखी थंडी आता राहिली नाही' इथवर येऊन थांबते. ती पूर्वीची थंडी कोणत्या वर्षीची, कोणत्या गावातली, तिने पिकांचे, जनावरांचे आणि माणसांचे काय केले, हे नेमके सांगू शकणारी पिढी झपाट्याने कमी होत चालली आहे, म्हणून हा धागा काढत आहे. सभासदांनी शक्य असेल तिथे साल आणि गाव लिहावे. नोकरी-धंद्यानिमित्त ज्यांनी खरा बर्फ पाहिला आहे, त्यांनी तिकडचे हिवाळेही अवश्य लिहावेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतली असंख्य कुटुंबे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पांगलेली आहेत. आमचे दुकान श्रीनगरला होते आणि माझ्या तरुणपणाचे बरेच हिवाळे तिथे गेले. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना तिथे चिल्लई कलान म्हणतात. त्यानंतर २० दिवसांचा चिल्लई खुर्द आणि १० दिवसांचा चिल्लई बच्चा येतो. या काळात रात्री नळ पूर्ण बंद करायचा नाही, बारीक धार सोडून ठेवायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकावे लागते. कारण पाणी थांबले की नळात गोठते, फुगते आणि नळ फोडते. काश्मीर खोऱ्यात येणारी बनिहाल घाटाची वाट बंद झाली की ताजी भाजी येत नसे. शेजारच्या काश्मिरी घरांत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी, दुधी आणि टोमॅटो तेव्हा बाहेर निघत आणि त्यातला वाटा आमच्याकडेही येई. दुकानात भट्टी पेटलेली असे, धातू वितळवायची मूस लाल झालेली असे, त्यामुळे दिवस ऊबेत जाई. रात्री मात्र फेरनच्या (लांब, सैल लोकरी झग्याच्या) आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, घेऊन बसण्यावाचून गत्यंतर नसे.

१४ जानेवारी २०२१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला. जवळपास तीस वर्षांत इतकी थंडी तिथे पडली नव्हती आणि दल सरोवराचा पृष्ठभाग गोठला होता. तिळगुळासाठी पुतण्याला फोन केला, तेव्हा त्याने पहिली हकिगत नळांचीच सांगितली.

एक प्रश्न मात्र माझ्या मनात फार वर्षे आहे. श्रीनगरला मोठा बर्फ पडल्याचा निरोप आला, की विट्याला आमची आजी त्याच दिवशी वाकळा आणि घोंगडी उन्हात टाकायला सांगत असे, आणि दोन-चार दिवसांत आमच्याकडे खरोखरच गारठा वाढत असे. हा योगायोग होता, की यामागे काही कारण आहे?

प्रीतिसंगम (कराड)

आपल्या आजींचे निरीक्षण अचूक होते. मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तानमार्गे काही वादळी प्रणाली पूर्वेकडे सरकत येतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ किंवा पश्चिमी झंझावात म्हणते. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडातला बर्फ मुख्यतः त्यांच्यामुळे पडतो. अशी प्रणाली पुढे निघून गेली की तिच्या मागून उत्तरेकडची कोरडी, थंड हवा खाली उतरते आणि राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून काही दिवसांत महाराष्ट्रात पोहोचते. मात्र त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून पूर्वेकडचे दमट वारे सुरू झाले, तर आभाळ येते आणि आलेली थंडी एका रात्रीत मोडते. म्हणजे तिकडे बर्फ पडला की इकडे थंडी पडेलच असे नव्हे, पण आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या थंडीच्या आधी उत्तरेत बर्फ पडलेला असतो.

जुन्या नोंदींपैकी दोन इथे देते, म्हणजे आठवणींना मोजमापाचा आधार मिळेल. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान नोंदले गेले होते. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश होते. समुद्रकाठच्या शहरासाठी हा आकडा विलक्षण आहे.

द्राक्षवेल (तासगाव)

२००८ सालच्या फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा आमच्या भागातले बागायतदार विसरणार नाहीत. ८ फेब्रुवारीला मुंबईतही पारा ८.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा आमच्या माळावर काय असेल याची कल्पना करता येईल. संक्रांत उलटली की थंडी ओसरायला लागते, या हिशेबाने आम्ही निर्धास्त होतो. माल काढणीच्या तोंडावर होता.

आमचे दोन प्लॉट आहेत. एक घराजवळ चढावर आहे आणि दुसरा खाली ओढ्याच्या काठाला, काळ्या कसदार जमिनीत आहे. एरवी खालचा प्लॉट नेहमी उजवा ठरतो. त्या पंधरवड्यात मात्र वरच्या बागेत फक्त साखर भरायची थांबली आणि काढणी लांबली. खालच्या बागेत ओढ्याकडच्या ओळींची पाने कडेने करपल्यासारखी झाली आणि आतल्या बाजूला वळली. दोन्ही बागांत चालत जायला फारसा वेळ लागत नाही, वाण एक, छाटणी एकाच आठवड्यातली, खते तीच. वडील पहाटे खालच्या बागेत उभे राहिले आणि म्हणाले, 'गारठा वरून पडत नाही, पाण्यासारखा वाहून इथं साठतो.' तेव्हापासून नवी लागण करताना आम्ही मातीइतकाच चढ-उतार पाहतो.

थंडीचा दुसरा त्रास बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतो. मण्यांत पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी पिकू लागण्याच्या, वेळी रात्री कडक थंडी आणि दुपारी चांगले ऊन असा मोठा फरक पडला, की थॉमसन आणि सोनाकासारख्या हिरव्या वाणांचे मणी गुलाबी पडू लागतात. चवीत काही कमी नसते, पण निर्यातीचा व्यापारी तो घड हातात घेत नाही. म्हणून आता पाणी उतरण्याआधी घडांना कागद गुंडाळतात. त्यासाठी एकरभर बागेत बायका-माणसांना कितीतरी दिवस हात वर करून काम करावे लागते, आणि सकाळच्या गारठ्यात त्यांच्या बोटांना कागदाची टोके टोचत राहतात. बाजारात हिरवेगार द्राक्ष दिसते त्यामागे हे काम असते.

कोयनाकाठ (पाटण)

माझ्या आयुष्यातला सर्वांत थंड हिवाळा १९६७ चा आहे. त्या साली तापमापकात काय होते हे मला ठाऊक नाही, पण आमच्या खोऱ्यातल्या माझ्या वयाच्या कोणालाही विचारले तरी हेच उत्तर मिळेल.

११ डिसेंबरच्या पहाटे, साडेचारच्या आत, भूकंप झाला. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत मिळून पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. आमच्या घराची एक बाजू बसली, माणसे वाचली. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आईने मला आणि धाकट्या भावाला एकाच वाकळेत गुंडाळून अंगणात आणले ते आठवते, आणि पायाखालची जमीन बर्फासारखी गार होती तेही आठवते, कारण चपला घालायला कोणाला सवड मिळाली नव्हती.

त्यानंतर धक्के थांबेनात. दिवसा माणसे भीत भीत घरात जाऊन भांडे, धान्य, पांघरूण काढून आणीत. रात्री मात्र घर उभे असलेलाही आत निजत नसे. भाताची मळणी नुकतीच झालेली होती, म्हणून पिंजर, म्हणजे भाताचे काड, भरपूर होते. खळ्यात पिंजराचा जाड थर पसरायचा, त्यावर घोंगडी टाकायची, मुलांना मधे घ्यायचे आणि म्हाताऱ्यांना शेकोटीच्या बाजूला निजवायचे, अशी सगळ्या आळीची एकच झोप असे. नदीवरून धुके येई आणि सकाळी पांघरुणाची वरची बाजू पिळून काढण्याइतकी ओली झालेली असे. शेकोटी पिंजराच्या इतकी जवळ होती, की रात्रभर दोन माणसे नुसती आगीवर लक्ष ठेवून बसत. बाळंतीण झालेल्या शेजारणीला जनावरांच्या मधोमध जागा करून दिली होती, कारण म्हशींच्या अंगाची ऊब सर्वांत खात्रीची होती. गोठ्याचे छप्पर काढून टाकले होते आणि म्हशी उघड्यावर बांधल्या होत्या. ते बाळ वाचले, मोठे झाले, आजही गावात आहे.

भूकंपावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण उघड्यावर काढलेल्या त्या थंडीविषयी मी फारसे वाचलेले नाही. घर असून घरात जाता येत नाही, अशी ती थंडी होती.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, आपले लिहिणे वाचून बराच वेळ काही सुचले नाही.

मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. आमच्या जिल्ह्यात सैन्यात जाणे ही घराघरातली गोष्ट आहे. मिलिटरी अपशिंगे या गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावातच मिलिटरी आले. माझ्या नोकरीतले हिवाळे द्रासच्या बाजूला गेले. द्रास साधारण ३,२८० मीटर उंचीवर आहे आणि झोजिला घाट बर्फाने बंद झाला की कारगिलच्या बाजूचा रस्त्याने येणारा पुरवठा थांबतो, म्हणून रॉकेल, डबाबंद अन्न, कांदे-बटाटे असे सगळे सामान त्याआधी वर चढवून ठेवावे लागे.

पहिल्यांदा बर्फ पडताना पाहिला तेव्हा आनंद झाला, हे खरे आहे. तो आनंद दुसऱ्या दिवशी फावडे हातात आल्यावर संपला. राहण्याच्या जागेपासून लंगरपर्यंत, म्हणजे जेवणाच्या जागेपर्यंत, दोर बांधलेला असे, कारण वारा आणि बर्फ सुरू झाल्यावर हाताच्या अंतरावरचे दिसत नाही आणि दोर सोडलेला माणूस भरकटतो. पिण्याचे पाणी म्हणजे बुखारीवर (खोली तापवायच्या शेगडीवर) वितळवलेला बर्फ. डबाभर ताजा बर्फ वितळवला तर तळाशी थोडेसे पाणी उरते, म्हणून एक माणूस दिवसभर तेवढ्याच कामावर असे. उकडलेले अंडे खिशात ठेवून पहाऱ्यावर गेलो तर ते दगडासारखे होई. लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, ओले मोजे अंगावर ठेवायचे नाहीत आणि पायाची बोटे बधिर वाटली तर लाजून गप्प बसायचे नाही, हे तीन नियम नव्या जवानाला आधी सांगितले जात. तिसरा नियम सर्वांत अवघड होता. आपल्या भागातली मुले दुखणे सांगायला फार लाजतात.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचेनमध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि दहा जवान गाडले गेले. सहा दिवसांनी एक जण जिवंत सापडला. त्यालाही पुढे दोन दिवसांनी रुग्णालयात मृत्यू आला. त्या दहांत आपल्या माण तालुक्यातला एक जवान होता. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यातला मुलगा बर्फाखाली गेला, हे मला अजूनही पचवता येत नाही. हिवाळ्याच्या आठवणींत त्याची आठवण असावी, म्हणून लिहिले.

येरळाकाठ (विटा)

विनम्र अभिवादन. काका, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत.

वेण्णा (महाबळेश्वर)

आमच्याकडचे लिहितो. मी लिंगमळ्याच्या बाजूला स्ट्रॉबेरी करतो. वेण्णा तलावाच्या परिसरात ज्या रात्री वारा पूर्ण पडलेला असतो आणि आभाळ स्वच्छ असते, त्या पहाटे तलावाच्या जेटीवर, गवतावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. लहानपणी आम्ही तो खरवडून गोळे करत असू. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत महाबळेश्वरला बर्फ पडल्याची बातमी येते आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. गंमत पाहायला येणाऱ्यांविषयी माझी काही तक्रार नाही, आमचा धंदा त्यांच्यावर चालतो. पण तो थर सकाळी लवकर झटकला नाही आणि ऊन थेट त्यावर पडले, तर फुले काळी पडतात आणि पुढच्या तोडणीला फटका बसतो. एक विचारायचे आहे : वेधशाळेचा आकडा त्या दिवशी शून्याच्या बराच वर असतो, मग आमच्या पानावर पाणी गोठते कसे?

प्रीतिसंगम (कराड)

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो आणि तो तिथल्या हवेचे तापमान सांगतो. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमीन, गवत, पान आणि गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक थंड होतात. त्यामुळे पेटीत चार-पाच अंश असतानाही पानाचा पृष्ठभाग शून्याला पोहोचू शकतो आणि त्यावरचे दव गोठते. त्यात वेण्णेचा भाग सखल आहे. आजूबाजूच्या उतारांवरची जड, थंड हवा तिथे येऊन साठते. तासगावच्या दादांच्या वडिलांनी ओढ्याकाठी उभे राहून जे सांगितले, तेच हे आहे, आणि इतक्या थोडक्या शब्दांत मला वर्गात कधी सांगता आले नाही.

मात्र एक गोष्ट ठामपणे नोंदवते. बर्फ ढगातून पडतो. वेण्णेवर दिसते ते जागेवरच गोठलेले दव असते, त्याला हिमकण म्हणावे. आभाळात ढग असतील तर ते मुळी तयारच होत नाहीत. 'बर्फवृष्टी' अशी बातमी छापली की पुढच्या पिढीच्या नोंदी बिघडतात, म्हणून हा आग्रह आहे.

मेणवली (वाई, सध्या बॉस्टन)

इथला २०१४-१५ चा हिवाळा मी पूर्ण अनुभवला. शहरात त्या मोसमात एकूण २८१ सेंटीमीटर बर्फ पडला, जो तोवरचा विक्रम होता, आणि त्यातला बहुतेक जानेवारीच्या अखेरीपासून पुढच्या काही आठवड्यांत पडला. आगगाड्या बंद पडल्या, शाळा बंद राहिल्या. दारापुढची गाडी उकरून काढायला सकाळ जाई, आणि उकरलेली जागा आपल्यासाठी राखण्याकरिता लोक तिथे खुर्ची मांडून कामावर जात. ती खुर्ची सहसा कोणी हलवत नसे. रस्त्यांवरून उचललेला बर्फ बंदराजवळ एका मोकळ्या जागेत रचला होता. तो ढीग १४ जुलैला संपूर्ण वितळला. वाईला तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या आणि आई फोनवर पावसाची चौकशी करत होती.

इतका बर्फ पाहूनही मला अधिक बोचरी आठवते ती कृष्णेच्या घाटावरची पहाट. इथे घर, गाडी, कचेरी सगळे तापवलेले असते. आमच्या वाड्यात थंडी आत-बाहेर सारखीच असे.

बालाघाट (मूळ बीड, मुक्काम वाळवा)

एक बाजू राहून जाऊ नये म्हणून लिहितो. माझे आई-वडील ऊसतोडीला कृष्णाकाठी येत असत आणि लहानपणीचे हिवाळे मी उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, काढले आहेत. तोड पहाटे अंधारात सुरू होते. त्या वेळी उसाचे प्रत्येक पान दवाने निथळत असते, त्यामुळे पहिल्या तासातच आईचे लुगडे कमरेपर्यंत भिजत असे. वरून पानाची धार हाताला कापत असे आणि थंडीमुळे ते कळत नसे. ऊन आल्यावर रक्त दिसे आणि मग आग होई. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस राज्यभर लाट आली होती, २९ तारखेला नागपूरला ३.५ अंशांची नोंद झाली. त्या आठवड्यात मी इथल्या फडांवर जुनी पांघरुणे घेऊन हिंडलो, तेव्हाही कोप्या तशाच होत्या आणि आत मुले तशीच एकमेकांना बिलगून निजलेली होती. गुऱ्हाळावरच्या चुलवणाजवळ निजायला मिळाले तर आम्ही स्वतःला भाग्यवान समजत असू. ज्यांच्या शिवारात आज टोळ्या उतरल्या आहेत, त्यांनी घरातली जास्तीची वाकळ तिथे नेऊन द्यावी, एवढीच विनंती आहे.

शाळू (जत)

आमच्या कोरडवाहू भागासाठी मात्र थंडी आणि दव ही देणगी आहे. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, आणि थंडी चांगली टिकली तर दाणा भरतो; हरभऱ्यालाही थंडी मानवते. हवा आणि माती दोन्ही कोरडी असल्याने आमच्या रात्री सांगलीपेक्षा गार असतात. ज्या वर्षी पौषात आभाळ भरून राहते, त्या वर्षी ज्वारीवर मावा येऊन पानांवर चिकटा पडतो आणि कडब्यालाही भाव येत नाही. म्हणून ज्या थंडीने तासगावचा बागायतदार धास्तावतो, तिचीच आम्ही वाट पाहत असतो.

येरळाकाठ (विटा)

जतच्या दादांचे लिहिणे वाचून काश्मीरचे आठवले. तिथेही बर्फ हवा असतो, पण वेळेवर. ७ नोव्हेंबर २०१९ रोजी तो फार लवकर पडला. सफरचंदाच्या झाडांवर अजून पाने होती, त्या पानांवर बर्फ साठला आणि वजनाने फांद्याच नव्हे, तर पूर्ण वाढलेली झाडे मधोमध चिरली. तोच बर्फ जानेवारीत उघड्या फांद्यांवर पडला असता तर घसरून गेला असता. शोपियानचा एक बागवाला आमच्या दुकानात आला होता, त्याने घरातली चांदी गाळायला आणली होती. इतके सांगितले म्हणजे पुढचे सांगायला नको.

तासगावच्या दादांना विचारायचे आहे : २००८ नंतर तुम्ही खालच्या बागेसाठी काय करता? शेकोट्या पेटवता का?

द्राक्षवेल (तासगाव)

सुरुवातीची काही वर्षे बांधाच्या कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करत होतो. धुराने थंडी अडते, असे सगळेच सांगत.

प्रीतिसंगम (कराड)

धुराचे कण फार बारीक असतात आणि जमिनीतून निघणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो प्रत्यक्ष आगीच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हवा थोडी हलते त्याचा. त्यामुळे एका मोठ्या आगीपेक्षा ओळीओळीने लहान, कोरड्या शेकोट्या अधिक बऱ्या. मोठ्या आगीची ऊब सरळ वर निघून जाते.

द्राक्षवेल (तासगाव)

बाई, आमचाही अनुभव तसाच आहे. आता मुख्य भर पाण्यावर असतो. अंदाजात थंडीची लाट दिसली की आदल्या दिवशी बोदाची (वेलीच्या ओळीतल्या उंच वाफ्याची) माती ओली करून घेतो, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक धरते आणि रात्री सावकाश सोडते. पहाटे पुन्हा ठिबक सुरू करतो. त्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे, ते पहाटेच्या हवेपेक्षा चांगले कोमट असते. शेततळ्यातले पाणी रात्रभर उघड्यावर गार झालेले असते, ते टाळावे. ओढ्याच्या बाजूचे दाट कुंपणही आम्ही काढून टाकले, कारण उतारावरून आलेली थंड हवा त्याला अडून बागेतच थांबत होती. कुंपण काढल्यापासून त्या कडेच्या ओळींची पाने करपलेली नाहीत, आणि गेल्या हंगामात खालच्या बागेचा माल वरच्या बागेच्या आधी गेला.